वैनींचा मे महिना

हिंदमाताच्या एका दुकानात मी गाऊन बघत होते. पुढून बटणं असलेला, सुती, फिक्या रंगाचा... वैनींना अशक्तपणानं हात वर नेववत नव्हता, डोक्यावरून कपडा घालणं बंदच झालं होतं. दुकानातला मुलगा एकामागून एक भडक फुलांचे गाऊन उलगडत होता आणि मी त्याच्यावर करवादत होते, "अहो, आजारी माणसाला घालायचाय, नवरीला नाही." शेवटी दोन मनासारखे मिळाले. एक आकाशी, एक मोतिया. पिशवी हातात घेतली आणि फोन वाजला. नितीन. माझ्या जावेचा मुलगा. "काकी, कुठे आहेस?" म्हटलं, हिंदमाताला. "तिथेच थांब. हलू नकोस. मी येतो तुला न्यायला." हॉस्पिटल तिथून चालत जाण्याजोगं. आईला सोडून हा मला न्यायला कशाला येतोय, हे विचारायची गरजच पडली नाही. मी दुकानातल्या मुलाला विचारलं, "हे बदलून मिळतील का हो?" का विचारलं देव जाणे. तो म्हणाला, "आजच्या आज आणलेत तर मिळतील." मी मान हलवली आणि पायरीवर जाऊन बसले.

वैनी म्हणजे माझी थोरली जाऊ, इंदुमती. तिच्यावर लिहायचं ठरवलं तेव्हा दिलीप, माझे यजमान, म्हणाले, "जावेवर कोणी लिहितं का?" नाही लिहीत. आईवर लिहितात, गुरूंवर लिहितात, पाळलेल्या कुत्र्यावरसुद्धा पान पान लिहितात. जावेवर कोणी चार ओळी लिहिल्याचं मला आठवत नाही. जावाजावा म्हटलं की लोकांना फक्त भांडणं आठवतात. आमचीही झाली, नाही कशाला म्हणू? चांगली कडाक्याची झाली. पण एका ओट्यापाशी उभं राहून ज्या बाईबरोबर आयुष्य काढलं, तिला मी माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त ओळखत होते. म्हणजे आतापर्यंत तरी मला तसं वाटत होतं.

मी गिरगावातली, फणसवाडीची. वडील कारकून, घरात पुस्तकं, बोलणं पुस्तकी. लग्न करून आले ती परळच्या चाळीत, वेंगुर्ल्याकडच्या गिरणी कामगारांच्या घरात. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "फणसवाडीची म्हणान वरसून काटे." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेव्हा वैनी पदराआड हसल्या आणि मला म्हणाल्या, "गरे आत आसतत, तां त्येंका म्हायत आसा." या घरात मला कोणीतरी आहे, हे मला तिथे कळलं.

चाळीच्या मागच्या अंगणात गोरखचिंच आहे. प्रचंड. खोड असं की चाळीतली सगळी पोरं हात धरून उभी राहिली तरी वेढा पुरा होत नाही. चाळ बांधायच्या कितीतरी आधीपासून ते झाड तिथे आहे. समुद्रापलीकडून कोणीतरी बी आणलं म्हणतात, कोणी ते कोणाला ठाऊक नाही. साधी चिंच नव्हे ही. फळं दुधीसारखी लोंबतात, वरून मखमली, फोडली की आत पांढरा आंबटढाण गर. मुलीच्या, मधुराच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा तोंडाला चव नव्हती, तर वैनी काठी घेऊन खाली गेल्या आणि दोन फळं पाडून आणली. मीठ-गूळ घालून त्या गराचं सरबत करून दिलं. मी पेला खाली ठेवायला उठले, तर म्हणाल्या, "ठेव थंय." तिथेच ठेव, मी बघते. त्यांचे हे दोन शब्द मी तेव्हापासून ऐकत आले. ताट, कपबशी, मुलीची दुपटी, माझ्या बँकेच्या घाईत अर्धवट राहिलेली कणीक... सगळ्याला एकच, "ठेव थंय, तू जा." आणि मी जायची.

या झाडाची आमच्या चाळीत एक गंमत होती. कोकणातून आलेल्या पहिल्या बायकांना आसपास वड दिसला नाही. एवढं अवाढव्य झाड आहे, याला वडच समजू, असं त्यांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून वटपौर्णिमेला आमची चाळ गोरखचिंचेला दोरा गुंडाळायची! मी पहिल्या वर्षी म्हटलं, "अहो, हा वड नाहीये." सासूबाई म्हणाल्या, "झाडाक समाजता." संपला विषय. आणि खोड इतकं रुंद की एका बंडलात फेरे पुरे व्हायचेच नाहीत. माझा दोरा मध्येच संपला की वैनींच्या दोऱ्याला गाठ मारायची, त्यांचा संपला की माझ्या. अशा गाठी मारत मारत आम्ही दोघी आपापल्या नवऱ्यांचं आयुष्य मागत फिरायचो. कोणाचा दोरा कुठल्या नवऱ्यासाठी, ते देवालाच माहीत. आम्ही हसून बेजार व्हायचो.

एका वर्षी चाळीतल्या काही नव्या सुनांनी टूम काढली, दादरच्या मंडईतून वडाची फांदी आणू, घरातच पूजा करू. वैनींनी ऐकलं नाही. "फांदी तोडून कसली पूजा? जिता झाड आसा समोर." सगळ्या गप्प बसल्या, चिंचेलाच दोरा बांधला. त्याच वर्षी भाऊजी गेले. गिरणी बंद पडल्यावर वैनींचे यजमान रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कामाला लागले होते. तिथेच छातीत कळ आली. नितीन तेव्हा शाळेत होता. दिवसपाणी व्हायच्या आत समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू गॅलरीत उभ्या राहून, आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "झाडच चुकीचं पूजलं. दुसरं काय होणार?"

मी तिरीमिरीत उठले होते. वैनींनी माझा हात धरला. "गप रव." आणि ओट्याशी जाऊन तांदूळ निवडायला घेतले. पाहुणे होते ना घरात, जेवायला घालायचं होतं. सासूबाईंनी हे झाड पुजायची रीत स्वतः सांभाळलेली, पण त्याही त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून बसल्या. पुढच्या वर्षी चाळीतल्या झाडून सगळ्या बायकांनी दादरहून फांद्या आणल्या. चिंचेकडे कोणी फिरकलं नाही. मीही घरात फांदी पुजली, सासूबाईंच्या धाकानं. दोऱ्याला गाठ मारायला बाजूला कोणी नव्हतं. खिडकीतून बघते तर वैनी खाली अंगणात, झाडाच्या बुंध्याशी पडलेली फुलं झाडून गोळा करत होत्या. ती फुलं रात्री उमलतात आणि सकाळी पडतात, नंतर त्यांना एक उग्र वास सुटतो, म्हणून कोणी हात लावत नाही. तेव्हापासून झाडाचं सगळं वैनींकडे आलं. कोणी सोपवलं नाही, त्यांनी मागितलं नाही... घरातलंही सगळं त्यांच्याकडे असंच आलं होतं.

काय काय आलं ते आता सांगताना माझी जीभ अडखळते. जेवणाच्या डब्यांचं काम सुरू केलं, कारण नितीनला शिकवायचं होतं. मी बँकेत, म्हणून माझी मधुरा त्यांच्या कडेवर वाढली. तिला पहिला ताप आला तेव्हा मी ऑडिटमध्ये होते आणि वैनी तिला खांद्यावर टाकून के.ई.एम.च्या रस्त्याला चालत निघाल्या होत्या, कारण टॅक्सी मिळेना. सासूबाईंची एक बाजू लुळी पडली, तेव्हा त्यांचं अंथरुणातलं सगळं वैनींनी केलं. मी रजा काढायची म्हटलं की, "तुजी नोकरी खराब करू नको. मी आसंय." आम्ही सगळे म्हणायचो, वैनी आहेत म्हणून घर उभं आहे. अगदी मनापासून म्हणायचो. असं म्हटलं की आपण काहीतरी दिलं असं वाटतं, नाही का?

त्यांना हवं होतं एवढंच, एक मे महिना. माहेरी जायचं. वेंगुर्ल्याजवळ त्यांचा भाऊ, दाजी, राहतो. एप्रिल लागला की त्याचा फोन यायचाच. "बाय, येतंस मा गो?" वैनींचा चेहरा त्या फोनवर निराळा व्हायचा. एकदा मी विचारलं, जाऊन करणार काय हो एवढं महिनाभर? समुद्र, आंबे, देवदर्शन असलं काही बोलतील वाटलं. तर म्हणाल्या, "दुपारी जेवान झाला की पडवीत आडवा पडाचा. आणि कोणी उठवूचा नाय." बस. एवढीच मागणी. आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. नितीनची अॅडमिशन, सासूबाईंचं अंथरूण, माझी बदली, मग मधुराचं लग्न, मग नितीनचं, मग नातू. लग्नाकार्याला त्या गावी गेल्या, नाही असं नाही, पण दोन दिवसांत परत. तिथेही रांधायलाच. महिना कधी मिळाला नाही. दर वर्षी मे उजाडायच्या आत कोणीतरी म्हणायचं, "वैनी, पुढच्या वर्षी नक्की." त्याच म्हणायच्या, "ठेव थंय ता." महिनासुद्धा तिथेच ठेवून दिला त्यांनी, खरकट्या ताटासारखा.

मधल्या काळात गणपती मंडळाच्या मुलांनी रोषणाईसाठी चिंचेच्या खोडाला लोखंडी तार आवळून बांधली. गणपती गेले, दिवे उतरले, तार तशीच राहिली. वैनी दोनदा जाऊन सांगून आल्या, "अरे, सोडवा रे ती. झाडाक काचता." पोरं हसली, "आजी, टेन्शन नको घेऊ, एवढ्या मोठ्या झाडाला काय होतंय?" आणि खरंच काही झालं नाही. वरवर तरी. काही वर्षांनी बघितलं तर सालीनं तारेवर ओठ मिटावेत तसं केलेलं, तार आत कुठेतरी, बाहेर फक्त एक फुगीर वळ. चाळीला त्याचं केवढं कौतुक! पाहुणे आले की खाली नेऊन दाखवायचं, "बघा, आमच्या झाडानं तार गिळली." हळूहळू बायका परत चिंचेला दोरा बांधायला लागल्या. एवढं सोसणारं झाड, पावणारच की. टोमणा मारणाऱ्या त्या काकूही आल्या. वैनींनी त्यांना पूजेचं ताट ठेवायला बुंध्याशी जागा झाडून दिली.

एकदा एका कॉलेजच्या प्राध्यापक बाई मुलांना घेऊन झाड बघायला आल्या. आम्ही सगळे कौतुकानं खाली जमलो. त्यांनी खोडावर हात फिरवत बरंच सांगितलं. झाड किती जुनं असेल, कुठून आलं असेल, स्वतःच्या खोडात पाणी कसं साठवतं. साल सोलली तरी परत धरतं, आडवं पडलं तरी पडल्या जागी जगतं. पोरं लिहून घेत होती. बाई म्हणाल्या, "माणसानं या झाडाकडून चिवटपणा शिकावा." आणि आम्ही सगळ्यांनी, मी तुम्हाला शपथेवर सांगते, एकदम वैनींकडे बघितलं. दिलीप तर मोठ्यांदा म्हणाले, "आमच्याकडे आहे की एक गोरखचिंच!" सगळे हसले. वैनीही हसल्या. माझ्या लक्षात राहिलं ते खोडातलं पाणी. पुढे कितीतरी वर्षं मी बँकेत मैत्रिणींना सांगत असे, आमच्या वैनी म्हणजे ना, आत पाणी साठवून उभ्या आहेत बघ.

मग काय, तेच नाव पडलं. महिला दिनाला मंडळानं वैनींचा सत्कार ठेवला. झाडाखालीच मांडव. अध्यक्षांनी भाषण ठोकलं, "दुःखं गिळून उभी राहिलेली आमच्या चाळीची गोरखचिंच!" टाळ्या. शाल, श्रीफळ. वैनी अवघडून खुर्चीच्या टोकाला बसलेल्या, घाम पुसत होत्या. मी पहिल्या रांगेत, टाळ्या वाजवून हात लाल केलेली. सत्कार संपला आणि मांडवातल्या लोकांसाठी चहा कमी पडला, तर उत्सवमूर्ती शाल घडी करून मला देऊन वर आधण ठेवायला गेल्या. तेव्हा त्यांच्या पोटात दुखत होतं. हे मला मागाहून कळलं. त्या दिवशीही दुखत होतं आणि त्याच्या आधीही कितीतरी दिवस.

ओवा खायच्या. लिंबू-सोडा प्यायच्या. मी विचारलं की, "पित्त गो, काय नाय." दोन घास कमी जेवायला लागल्या, तर मी म्हणाले, बरं आहे, वजन उतरेल. कपाळ माझं! दिवाळीत त्या फराळ तळताना ओट्याला धरून वाकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, तेव्हा नितीननं जबरदस्तीनं तपासायला नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर तरुण होते, शांत स्वभावाचे. रिपोर्ट बघितले, पुन्हा बघितले, आणि आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, "इतकं दुखत असताना या चालत-बोलत कशा होत्या? कोणाला काहीच म्हणाल्या नाहीत?" आणि काय सांगू... मी त्यांना उत्तर दिलं, "आमच्या वैनी फार सोशिक आहेत हो." अभिमानानं दिलं. आवाजात तो अभिमान होता, मला ऐकू आला. डॉक्टर म्हणाले, "थोडं कमी सोशिक असत्या तर बरं झालं असतं."

डॉक्टरांनी दोष कोणाला दिला नाही, आणि औषधोपचारात त्यांनी काही कमी ठेवलं नाही. पण ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. आम्ही कोणी वैनींना छळलं नाही हो. घरात कोणी त्यांच्यावर आवाज चढवला नाही, कोणी उपाशी ठेवलं नाही. आम्ही फक्त त्यांची वाहवा केली. वर्षानुवर्षं, चारचौघांत, टाळ्या वाजवून. एखाद्या बाईला सगळ्यांनी मिळून सांगितलं की तू तार गिळणारं झाड आहेस, तर मग ती कोणत्या तोंडानं म्हणेल की काचतंय?

वैनी जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ होते. त्यांना जरा बरं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले होते, थोड्या दिवसांनी घरी न्या. खिडकीतून परळचे टॉवर दिसत होते, झाड एकही नाही. वैनी बराच वेळ तिकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "शुभा, ती कालेजातली बाय इल्ली, झाड बघूक... आठवता तुका?" म्हटलं, आठवते की. खोडात पाणी साठवतं म्हणाली होती. "तां तुमी आयकलास," वैनी म्हणाल्या. "ती आणखी एक बोललेली. पानां गाळता म्हणान झाड जगता, असा बोललेली."

खरंच बोलल्या होत्या बाई तसं! वैनींनी सांगितल्यावर मला लख्ख आठवलं. पाणी कमी झालं की हे झाड सगळी पानं टाकून देतं. सहा सहा महिने काही करत नाही. नुसतं उभं राहतं. म्हणून एवढं जगतं. मी ऐकलं होतं ते, पण माझ्या कानांनी हवं तेवढंच उचललं.

"सा म्हयने बोडका उभा रवता," वैनी सांगत होत्या, मध्ये मध्ये थांबत. "कोण त्येका नाव ठेवना नाय. कोण इचारना नाय, पानां खंय गेली... आपण येतली तेव्हा येतली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी माका कधी पानां गळूक दिलास नाय गो."

रागानं नाही म्हणाल्या. भाजी आज कोवळी नव्हती म्हणावं, त्या आवाजात म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं मला. मी त्यांचे पाय दाबायला लागले, तर सवयीनं म्हणाल्या, "ऱ्हवांदे, दमशीत." थोड्या वेळानं पुन्हा बोलल्या, आता आवाज जरा खेळकर, "या मे म्हयन्यात जावया गावाक. तू पण चल. दाजीक सांगतंय. थंय कोण आमका उठवूचा नाय." मी म्हटलं, "जाऊ या. नक्की जाऊ या वैनी. या वर्षी नक्की." डोळे मिटता मिटता त्या हसल्या. गावच्या उकाड्यात साडी नको, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हिंदमाताला गाऊन आणायला गेले. पुढचं वर सांगितलंच आहे.

दाजी अंत्यविधीला येऊन गेले. त्यांना काय सांगणार होतो आम्ही? या वर्षी पाठवतच होतो म्हणून? एप्रिल लागला तसा त्यांचा फोन आला, वैनींच्याच मोबाईलवर. तो अजून आम्ही चालू ठेवलाय, चार्ज करून शोकेसवर ठेवतो. मी उचलला. पलीकडून आवाज आला, "बाय, येतंस..." आणि मध्येच थांबला. इतक्या वर्षांची सवय. बोट आपोआप गेलं असणार त्या नंबरवर. मग मीच माझ्या मोडक्यातोडक्या मालवणीत म्हटलं, "दाजी, मी येतंय. चालात?" ते म्हणाले, "ये गो. पडवी झाडून ठेवतंय." मग मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. वैनी गेल्यावर पहिल्यांदा.

परवाच्या रविवारची गोष्ट. जेवणं झाली. नितीन आणि दिलीप खाली मंडळाच्या मीटिंगला गेले. घरात मी आणि मृणाल, नितीनची बायको. गुणी मुलगी आहे, नोकरी करते, लेकरू सांभाळते. वैनी गेल्यापासून पहाटे उठून सगळ्यांचे डबेही करते. डोळ्यांखाली काळं यायला लागलंय. ताटं आवरता आवरता म्हणाली, "काकी, मी मे महिन्यात मम्मीकडे नाही जात यंदा. तुम्ही पण गावाला जाणार, आई नाहीत... इथलं कसं चालणार? पुढच्या वर्षी बघू." आणि वर हसून म्हणाली, "सवय झालीय आता, होतं सगळं." तेवढ्यात शेजारच्या वहिनी वाटी परत करायला दारात आल्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "मृणाल म्हणजे अगदी सासूवर गेली हो! घर धरून ठेवलंन पोरीनं."

शेजारीण चांगल्या मनानं बोलत होती. आम्हीही चांगल्या मनानंच बोलायचो. मृणालचा चेहरा कौतुकानं खुलला, आणि तिनं ताटांचा ढीग उचलला.

"ठेव थंय," मी म्हणाले.

ती दचकलीच. वैनींचे शब्द, त्याच सुरात, माझ्या फणसवाडीच्या तोंडून. "असू दे काकी, तुम्ही कशाला करताय, मी घासते," ती म्हणाली.

"मी कुठे घासतेय? मी पण नाही घासणार. ठेव आणि बस."

शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मी तिलाही सांगितलं, "आणि ही सासूवर-बिसूवर काही गेलेली नाही हां. मी जाऊ देणार नाही." जरा तोडूनच बोलले असेन. असू दे. फणसवाडीची आहे, काटे असायचेच. ती वाटी ठेवून गेली. मृणाल आधी घाबरत घाबरत खुर्चीच्या टोकाला बसली, वैनी सत्काराच्या दिवशी बसल्या होत्या तशी. मी तिला मागच्या गॅलरीत नेलं, चटई टाकली आणि म्हटलं, आडवी हो. हिंदमाताच्या पिशवीतला मोतिया गाऊन काढून तिच्या हातात दिला. "मम्मीकडे जाशील तेव्हा हा घेऊन जा. महिनाभर राहायचं. मध्ये फोन आला तर उचलायचा नाही." तिनं गाऊनवरचं न काढलेलं लेबल बघितलं, पुढची बटणं बघितली, कोणासाठी आणला होता ते तिला कळलं, आणि ती तोंड फिरवून रडायला लागली. दमलेलं माणूस रडतं तसं, आवाज न करता, खूप वेळ. मग तशीच झोपली. मी उठवलं नाही.

ऊन कलल्यावर नितीन वर आला. मोरीत ताटांचा ढीग तसाच. त्यानं ताटांकडे बघितलं, गॅलरीत झोपलेल्या बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि घाबरून विचारलं, "काय झालं? हिला बरं नाहीये का?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तू ताटं घास."

तो बाह्या वर करून मोरीत गेला. भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी गॅलरीच्या कठड्याला टेकून खाली बघत बसले. चिंचेला अजून एकही पान आलेलं नाही. सगळ्या फांद्या उघड्या, तारेचा तो जुना वळ खोडावर तसाच. खाली पोरं खेळत होती, बायका वाळवण उलटत होत्या. झाडाला कोणी काही विचारत नव्हतं.